आधी कसब, मग करुणेची पदवी

बारावीचे निकाल लागले की ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हल्ली हमखास कानावर येतो. मुलीला किंवा मुलाला पूरग्रस्तांसाठी, निर्वासितांसाठी, युद्धात होरपळलेल्या माणसांसाठी काम करायचे आहे. त्यासाठी शिकायचे काय? वीस वर्षांपूर्वी असा प्रश्न क्वचित निघे आणि निघाला तरी घरातली वडीलधारी मंडळी तो डॉक्टर-इंजिनिअरच्या यादीखाली दाबून टाकत. आता तो उघडपणे विचारला जातो, ही चांगली गोष्ट आहे. वाईट एवढेच, की त्याचे उत्तर देणाऱ्यांनी वादाचे पार वाटोळे केले आहे. मध्यंतरी एका परिसंवादात मी श्रोत्यांत होतो. व्यासपीठावरचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, सेवेला पदवी लागत नाही, काळीज लागते. त्यांच्या शेजारी बसलेल्या, परदेशातून नुकत्याच परतलेल्या तरुण वक्त्यांनी सांगितले, हे आता व्यावसायिक क्षेत्र झाले आहे, तेव्हा मानवतावादी कार्याचीच पदव्युत्तर पदवी घ्यायला हवी. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र वहीत काहीही न लिहिता खाली बसली, आणि तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

माझे म्हणणे असे, की दोन्ही उत्तरे एकाच गैरसमजातून आली आहेत. पहिल्याला वाटते की हे काम भावनेचे आहे, दुसऱ्याला वाटते की ते भावनेच्या व्यवस्थापनाचे आहे. प्रत्यक्षात संकटात सापडलेल्या माणसाला पाणी, औषध, छप्पर, हिशेब आणि कायदा या गोष्टी लागतात, आणि यातली प्रत्येक गोष्ट हे एकेक स्वतंत्र कसब आहे. म्हणून या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आधी असे एखादे कसब पदवीपर्यंत नीट शिकावे, ते आपल्याच जिल्ह्यात काही वर्षे वापरावे, आणि मानवतावादी कार्य या नावाची पदवी घ्यायचीच असेल तर ती त्यानंतर घ्यावी. ज्यांनी ती आधी घेतली त्यांना मी दोष देत नाही. पण तो क्रम सर्वांना आदर्श म्हणून सांगितला जाऊ लागला आहे, त्याला माझा विरोध आहे.

काळजाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा इतिहासाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना सावित्रीबाई फुले रुग्णांपर्यंत पोचल्या त्या कोणत्या अभ्यासक्रमाच्या बळावर? ज्या रोग्याला घरचेही शिवत नव्हते त्याला उचलून आणण्याचे धैर्य कुठल्या विद्यापीठात शिकवतात? नाहीच शिकवत. १० मार्च १८९७ रोजी त्याच संसर्गाने त्यांचा मृत्यू झाला, आणि या बलिदानापुढे प्रमाणपत्रांची भाषा कुणालाही ओशाळवाणी वाटेल. पण त्या रुग्णाला उचलून त्या नेत होत्या कुठे? हडपसरजवळच्या माळावर उभारलेल्या दवाखान्यात, जिथे त्यांचे पुत्र यशवंत वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर म्हणून उपचार करत होते. स्वतः सावित्रीबाईंनीही शाळा चालवण्यापूर्वी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. बाबा आमट्यांचे नाव तर या वादात हमखास घेतले जाते. ते वकील होते, वरोऱ्याला वकिली करत होते आणि कुष्ठरोग्याचे दुःख पाहून त्यांनी आयुष्याची दिशा बदलली, इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात. त्यापुढची गोष्ट अशी, की नुसत्या कळवळ्यावर भागणार नाही हे ओळखून ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करायला गेले. आपण व्याख्यानांतून हा मधला भाग गाळतो, आणि मग तरुणांना वाटते की साक्षात्कार झाला की काम सुरू होते.

कसबाविना करुणा काय करू शकते, याचे उत्तर १९९४ सालच्या गोमाने जगाला दिले आहे. रवांडातील नरसंहारानंतर लाखो निर्वासित सीमेपलीकडे, तेव्हाच्या झैरेतल्या गोमा शहराभोवती येऊन पडले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, संडासासाठी खड्डा खणायला जावे तर कुदळ चालत नाही. पिण्याला किवू सरोवराचे न गाळलेले पाणी. पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली, मागोमाग रक्ती आव आली, आणि पहिल्या महिन्याभरात सुमारे ५० हजार माणसे मेली. मदत पोचली नव्हती असे म्हणता येत नाही. जगभरातल्या संस्थांची तिथे रीघ लागली होती, चांगल्या मनाची माणसे विमाने भरभरून उतरत होती. पण त्यांतल्या अनेकांना पटकीच्या रोग्याला तोंडावाटे पाणी किती आणि किती वेगाने द्यायचे याचा अनुभव नव्हता, आणि छावणीला दिवसाला किती पाणी लागेल याचे गणितही अनेकांपाशी नव्हते. या अनुभवाची लाज वाटूनच पुढे स्फिअर नावाची किमान मानके तयार झाली: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा. हे आकडे रुक्ष वाटतात. पण रात्री पोर तापाने फणफणलेले असताना संडासासाठी दोनशे माणसांच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्या विसाच्या आकड्याइतके दयाळू दुसरे काही असेल का?

आणि हे तोंडावाटे पाणी देण्याचे ज्ञान तरी आले कुठून? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीचा कहर झाला, शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा ठरलेल्या प्रमाणात पाण्यात कालवून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. ही गोष्ट सहसा युक्तीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती तशी नाही. ते बालरोगतज्ज्ञ होते, कलकत्त्याच्या संशोधन केंद्रात याच द्रावणाचा अभ्यास चालू होता, आणि आतड्यातून ग्लुकोजबरोबर मीठ कसे शोषले जाते हे त्यांना ठाऊक होते. प्रस्थापित वैद्यकीय मत विरुद्ध असतानाही अडाणी समजल्या गेलेल्या नातेवाइकांवर उपचार सोपवण्याचे धाडस त्यांनी केले, ते या ज्ञानामुळे. अज्ञानातून आलेले धाडस त्या छावणीत माणसे मारू शकले असते. मिठाचे प्रमाण चुकले तर तेच पाणी घातक ठरते.

इतक्या दूरची उदाहरणे नकोत असे वाटणाऱ्यांसाठी जवळचे एक सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा मिरजेतल्या एका मंगल कार्यालयात उघडलेल्या मदत केंद्रात मी चार दिवस होतो. पुण्या-मुंबईहून ट्रकामागून ट्रक येत होते. त्यांत साड्या होत्या, जुन्या पँटी होत्या, बुरशी धरलेले पाव होते आणि कोणा मंडळाने रात्रभर जागून लाटलेल्या, वाटेत घामट होऊन एकमेकींना चिकटलेल्या हजारो चपात्या होत्या. आम्ही उत्साही मंडळी हाताला येईल ते बोटीत टाकत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या भांडारात सगळी हयात काढलेले एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी नवरदेवाच्या खोलीतले टेबल ओढून दारात आडवे लावले, लांब वहीत रेघा मारल्या आणि आवक-जावक सुरू केली: गाडी कुठली, माल काय, नग किती, मुदत कधी संपते, गेला कुठे. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर, एवढा एक नियम त्यांनी लावला. इन्सुलिनच्या कुप्या नुकत्याच कार्यालयाच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या, त्या उचलून त्यांनी आचाऱ्याच्या साध्या फ्रिजमध्ये हलवल्या, कारण इन्सुलिन गोठले की वाया जाते हे त्यांना बायकोच्या मधुमेहामुळे माहीत होते. संध्याकाळपर्यंत वहीवरून कळले की सॅनिटरी पॅडनी दोन खोल्या भरल्या आहेत आणि तान्ह्या मुलांची दुधाची भुकटी एक डबाही शिल्लक नाही. मग फोन फिरले, चपात्यांचे ट्रक थांबले. त्या चार दिवसांत सर्वांत जास्त माणसांचे भले कुणी केले असेल, तर त्या वहीने. आम्हा बाकीच्यांच्या वाट्याला फोटो आले.

आता दुसऱ्या बाजूचा खरा आक्षेप, आणि तो मला जास्त जड वाटतो. समाजशास्त्र आणि समाजकार्य शिकलेले लोक म्हणतात, की कसबी माणूस एकटा सोडला तर तो मदतीच्या नावाखाली नवे नुकसान करून ठेवतो. समाज वाचता न येणारा इंजिनिअर हे आपत्तीवरचे दुसरे संकट असते. याला पुरावा मागायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर झोपलेली किल्लारी परिसरातली गावे चारच्या सुमारास भूकंपाने जमीनदोस्त झाली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आणि ती कशी वसवली? शहरी वसाहतीसारखे सरळ रस्ते, चौकोनी चौक, ओळीने काँक्रीटची घरे. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले: कुणाला २५० चौरस फूट, कुणाला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे भूकंपाने एका रात्रीत सगळ्यांना उघड्यावर आणून जो सपाटपणा केला होता, तो पुनर्वसनाने पुन्हा सातबारा बघून मोडून काढला. म्हैस कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, एकत्र कुटुंबातल्या दोन चुली कुठे पेटवायच्या, म्हाताऱ्यांनी संध्याकाळी कुठल्या पारावर बसायचे, याची उत्तरे नकाशात नव्हती. त्या गावांत आज गेलात तर पक्क्या घराला लागून पत्र्याची शेड दिसते. खरा संसार पुष्कळदा तिथेच चालतो.

हे सगळे मला मान्य आहे, एका अक्षराचाही संकोच न करता. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? किल्लारीत चूक झाली ती कसब फार झाल्यामुळे, की अपुरे पडल्यामुळे? म्हैस कुठे बांधतात हे न विचारणारा नगररचनाकार हा समाजशास्त्र न शिकलेला नगररचनाकार नसून वाईट नगररचनाकार आहे. ज्याच्यासाठी घर बांधायचे त्याची राहणी समजून घेणे हा त्याच्याच विद्येचा पहिला धडा आहे. आणि उलटही पाहा. ज्या घरांनी माणसे मारली ती परक्या कुणी लादलेली नव्हती. जाड दगडी भिंती, दोन थरांमध्ये माती भरलेली, ते दोन थर एकमेकांना बांधणारे लांब दगड नाहीत, आणि वर पावसाळ्यागणिक मातीचा नवा थर चढवत नेलेले माळवद. ही घरे लोकांची होती, लाडकी होती, उन्हाळ्यात गार होती. नुसत्या सहभागाच्या तत्त्वावर गावाला विचारले असते, तर गावाने पुन्हा तेच घर मागितले असते. आणि भेदरलेल्या गावाने सिमेंटशिवाय दुसरे काही मागितले नसते, हेही तितकेच शक्य होते. तिथे असा माणूस हवा होता, जो गवंड्याशेजारी उकिडवा बसून दाखवू शकेल की याच दगडाची भिंत थोड्या खर्चात कशी टिकेल. पुढे उरलेल्या गावांत घरांच्या दुरुस्तीचे आणि मजबुतीकरणाचे काम झाले, त्यात गावोगावच्या बायकांना संवाद साहाय्यक म्हणून नेमले गेले, आणि चांगले काही घडले ते अशा ठिकाणी, जिथे बांधकामाचे ज्ञान आणि गावाचे ज्ञान एका ओसरीवर बसले. दोन्ही हवीत यात वाद नाही. वाद क्रमाचा आहे.

मी कसब आधी म्हणतो याचे कारण साधे आहे. भिंत, शीर, पंप, खातेवही यांच्याशी काम करताना चूक लगेच उघडी पडते. भिंत पडते, रोगी दगावतो, पंप पाणी चढवत नाही, बेरीज जुळत नाही. तरुण वयात माणसाला अशी शिस्त लागली की मग समाजाबद्दलचे सिद्धांत शिकतानाही तो पुरावा मागतो. समाजाबद्दलचे सिद्धांत आधी शिकलेल्याला ही सवय नंतर लागणे अशक्य नाही, पण कठीण आहे, कारण अहवाल कोसळत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा शिक्षणक्रम या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. दोघेही आधी आपापल्या विषयांत एम. डी. झाले, वर्धा भागात गावांत काम केले, तिथे काय कळत नाही ते कळले, आणि मग सार्वजनिक आरोग्य शिकायला जॉन्स हॉपकिन्सला गेले. १९८६ साली ते गडचिरोलीत आले. घरोघरच्या नवजात बालसेवेने ३९ गावांत अर्भकमृत्यू किती घटले याचा त्यांचा १९९९ सालचा शोधनिबंध जगाने मानला, तो त्यांनी तुलनेसाठी दुसरी गावे घेऊन, मोजून दाखवले म्हणून. तीच परदेशी पदवी त्यांनी बाविसाव्या वर्षी, कोणताही रोगी न तपासता घेतली असती, तर त्या वर्गात विचारायला त्यांच्यापाशी प्रश्न कोणते असते?

ही मागणी आधुनिक व्यवस्थापनशास्त्राची आहे आणि आपल्या परंपरेत ती नव्हती, असेही कुणी समजू नये. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, मजुरीची, स्थलांतराची माहिती गोळा करून सरकारला वृत्तांतामागून वृत्तांत पाठवले; दुष्काळी कामावर दिवसाला एक पौंड धान्यावर माणूस जगू शकत नाही हे पटवायला अश्रू उपयोगी नव्हते, आकडे होते. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापला तेव्हा सदस्यांवर पाच वर्षांच्या प्रशिक्षणाची अट घातली. देशासाठी आयुष्य द्यायला निघालेल्या माणसाला पाच वर्षे अभ्यास आणि प्रवास करायला लावणारे गोखले निर्दय होते काय? त्याच समाजात आलेले ठक्कर बाप्पा आधी इंजिनिअर होते, रेल्वेत आणि मुंबई महापालिकेत नोकरी करून पंचेचाळिशीच्या सुमाराला आले होते. आपल्याकडे मात्र समाजकार्य हा शब्द अजून लग्नाच्या बायोडेटात छंदांच्या रकान्यात येतो.

राहिला नोकरीचा मुद्दा. परदेशी पदवीच्या बाजूने सांगितले जाते, की संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांत पदव्युत्तर पदवीशिवाय दार उघडत नाही. बऱ्याच अंशी खरे आहे. पण त्याच जाहिरातीची पुढची ओळ वाचावी: पी-३ दर्जाच्या, म्हणजे मधल्या पायरीवरच्या, पदाला त्या पदवीबरोबर किमान ५ वर्षांचा अनुभव मागतात. आणि पदव्युत्तर पदवी सार्वजनिक आरोग्याची, जलअभियांत्रिकीची, संख्याशास्त्राची किंवा कायद्याची असली तरी चालते. शिवाय २०२५ सालाने जे शिकवले ते विसरता येणार नाही. त्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, १ जुलैला ही मदत देणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच गुंडाळली गेली, आणि जगभर या क्षेत्रातले हजारो लोक घरी बसले. ज्या नर्सला, लेखापालाला किंवा पाण्याच्या इंजिनिअरला काढले गेले त्याला परत जायला एक धंदा होता. ज्याची सगळी विद्या प्रकल्प-प्रस्ताव लिहिण्याची होती, त्याला नव्हता. आपल्याकडे २०२० सालच्या परदेशी देणगी कायद्यातील दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आणली आणि मिळालेला निधी पुढे दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी घातली. तेव्हाही पहिली गदा पडली ती अशाच कार्यालयीन पदांवर. घर गहाण ठेवून, शैक्षणिक कर्ज काढून लंडन-जिनिव्हाला गेलेल्या मध्यमवर्गीय मुलीला हे आधी कुणी सांगायला हवे होते. श्रीमंताच्या मुलाला क्रम चुकला तरी चालतो. माझा सगळा युक्तिवाद ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी आहे.

समाजकार्याच्या पदवीला मी कमी लेखतो असा याचा अर्थ कुणी काढील, म्हणून सांगतो. मुंबईत १९३६ पासून समाजकार्याचे जे शिक्षण दिले जात आहे, त्यातला क्षेत्रकार्याचा भाग, म्हणजे आठवड्यातून ठरलेले दिवस वस्तीत, रुग्णालयात, तुरुंगात जाऊन कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करणे, हा स्वतःच एक कसब शिकवणारा भाग आहे. ज्या महाविद्यालयात तो कसून घेतला जातो तिथली विद्यार्थिनी माझ्या व्याख्येत बसते. जिथे तो वहीवर सही घेण्यापुरता उरला आहे तिथली बसत नाही, मग पदवीवर काहीही छापलेले असो. तसेच कायद्याचे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. इथे निर्वासिताची बाजू मांडायची तर सामान्य कायद्याच्या फटींतून वाट काढावी लागते, आणि ते काम चांगला वकीलच करू शकतो, चांगला माणूस असणे तिथे पुरत नाही.

तालुक्याच्या गावात जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम करणारी मुलगी, पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य शिकणारा मुलगा, बी.कॉम.नंतर एखाद्या सीएच्या हाताखाली बसलेला पोरगा, यांना आजवर कुणी सांगितलेच नाही की तुम्ही या कामाच्या निम्म्या वाटेवर आधीच आहात. त्यांना उरलेली वाट देणे ही विद्यापीठांची जबाबदारी आहे, आणि तिला दोन वर्षे आणि लाखो रुपये लागत नाहीत. सांगलीच्या पुरानंतर एका गावात विहिरींचे शुद्धीकरण चालले होते. आम्ही पाच पदवीधर काठावर उभे होतो आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकायची याचा आमच्यात वाद चालला होता. एकजण फोनवर शोधत होता, पण रेंज नव्हती. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आला. त्याने दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, ओली दोरी हातावर मोजली, कठड्यावर पावले टाकून रुंदी घेतली, खिशातल्या बिडीबंडलाच्या कागदावर गुणाकार केला, पावडर बादलीत कालवली, निवळू दिली आणि वरचे पाणी विहिरीत ओतले. तासाभराने, पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीची नळी वर धरून पिवळा रंग आम्हाला दाखवला. तो आठवीपर्यंत शिकलेला होता. आमच्यातल्या चौघांनी दहावीला आपत्ती व्यवस्थापनाचे प्रकरण गिरवले होते, आणि आपत्तीची व्याख्या व प्रकार यांचे सगळे गुण मिळवले होते.